दादाची जीप आणि माझी कानस

आमची वाटणी झाली तेव्हा दादाला कातळावरची आंब्याची कलमं मिळाली आणि मला बापाचा राग मिळाला, असं आई म्हणायची. खोटं नव्हतं ते. माझा राग नाकावर असे आणि उतरायचं नाव घेत नसे. पलटणीच्या वर्कशॉपात मी पाच वर्षं फिटर होतो. तिथे कान फुटला, वाहू लागला, म्हणून त्यांनी मला घरी धाडलं. घरी आलो तो एक लोखंडी ट्रंक, एक चांगली विलायती कानस आणि साऱ्या गावाला अक्कल शिकवायची खोड, एवढं घेऊन. वयनी, म्हणजे दादाची बायको, माझी थट्टा करायची, "अति शहाणो, तेचो बैल रिकामो." मला ते आवडायचं. घरात माझी थट्टा करायची हिंमत फक्त तिच्यात होती.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. सिंधुदुर्ग हे नाव मालवणच्या किल्ल्याचं, बाकी कुणाचं नव्हतं. आमचा गाव देवगडपासून आत, शेतीवाडीचा. मिरगापासून दसऱ्यापर्यंत गावाचं बेट व्हायचं. देवगडला जायचं तर गावाखालचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा, मग अर्धा मैल शेतातला चिखल, मग जांभ्या दगडाची घाटी चढायची, तेव्हा कुठे सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, आणि सड्यावरचा रस्ता लागायचा. व्हाळावरचा लाकडी साकव वाहून गेला होता तो कुणी परत बांधला नव्हता. पावसात कुणी आजारी पडलं तर चार माणसं त्याला खाटेवर घालून व्हाळापर्यंत न्यायची आणि पाणी उतरायची वाट बघत बसायची. पाणी उतरेपर्यंत माणूस टिकला तर त्याचं नशीब.

वयनीची दोन मुलं अशी गेली. पहिलं घरातच गेलं. वैजीण, म्हणजे सुईण, होती, पण तिचा इलाज चालला नाही. दुसऱ्या खेपेला गावातल्या पोरांनी तिला खाटेवर घालून सकाळी व्हाळावर नेलं, आणि दुपारपर्यंत ती त्या काठावर पडून राहिली. वर इरलं धरलं होतं. मूल तिथेच झालं आणि तिथेच गेलं. मी तेव्हा पलटणीत होतो. मला पत्र आलं त्यात एवढंच होतं की व्हाळाला पाणी फार होतं. त्यानंतर वयनी व्हाळावर कपडे धुवायला जायची नाही, लांबच्या विहिरीवर जायची.

दादाकडे एक जीप होती. लढाईतली, बेळगावला लिलावात निघालेली. आधी दादा एका आंबेवाल्याची लॉरी देवगडहून तळेऱ्यावरून वर घाटावर न्यायचा, त्यामुळे गाड्यांत त्याचा हात बसला होता. पुढे ही जीप घेऊन तो कलमांच्या बागेतून पेट्या देवगडला पोचवायचा. उन्हाळ्यात जीप कातळावर शेळीसारखी चढायची. पावसाळ्यात मात्र बिचारी मांगराच्या छपराखाली उभी. चिखलात तिची बारकी चाकं रुतायची आणि पाणी पंख्याला लागून इंजिन बंद पडायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शिमगा झाला आणि वयनीला दिवस गेल्याचं सगळ्यांना दिसू लागलं. श्रावणात दिवस भरणार होते. दादा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "ह्या खेपेक खाट नाय. गाडयेन नेतलंय तिका. व्हाळातसून गाडी काडतंय की नाय बग."

वाढता वाढता वयनीचा हात थांबला, तेवढंच मी पाहिलं. ती गाडी व्हाळ ओलांडेल की नाही, हा आमच्या घरात त्या उन्हाळ्यातला एकच प्रश्न होता. आंबा किती आला हे मला आज आठवत नाही.

काय करायला हवं ते मी सांगितलं आणि दादाने ऐकलं. तोपर्यंत आमचं छान होतं. सहा-सोळाचे टायर काढून साडेसात-सोळाचे घालायचे, म्हणजे चिखलात चाक रुतणार नाही आणि गाडी पाण्यावर उचलेल. पण मोठा टायर नुसता चढवून भागत नाही. जीपचा पुढचा ॲक्सल हलका. मोठ्या चाकाचा जोर आला की आतला शाफ्ट तुटणार, आणि वळणावर टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासणार. म्हणून कोल्हापूरच्या भंगारात पडलेल्या एका मोठ्या लष्करी गाडीचा पुढचा ॲक्सल आम्ही आणला. ट्रकवर टाकून तळेऱ्यापर्यंत, आणि तिथून बैलगाडीने गावात. बैलगाडीवर ॲक्सल बघून लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, तोफ हाडलास की काय रे?

जेठ महिन्यात आम्ही दोघे भाऊ दारासमोरच्या खळ्यातल्या माटवाखाली त्या गाडीखाली पडून असायचो. ॲक्सल रुंद होता, पाट्यांची बैठक जुळेना. ती कापून आत सरकवली. किंगपिनच्या बुशी झिजल्या होत्या त्या बदलल्या. पाट्यांत दोन दोन पानं वाढवली आणि गाडी चार बोटं वर उचलली. दादा दमायचा नाही. पाना हातात असला की तो गुणगुणायचा. वयनी पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलायची आणि मधेच विचारायची, "झाला काय ओ तुमच्या घोड्याचा?" इतके सुखाचे दिवस मी नंतर पाहिले नाहीत. हे आज कळतं, तेव्हा मी चहा वेळेवर आला नाही म्हणून कुरकुरत होतो.

गाडी चाकांवर उभी राहिली आणि आम्ही ती वाडीत फिरवली, तेव्हा खोड कळली. गाडी उंच झाली, पण स्टिअरिंगचा डबा जिथल्या तिथे. त्या डब्याखाली ड्रॉप आर्म लोंबतो, वीतभर लांबीचा लोखंडी हात. चालकाने चाक फिरवलं की हा हात पुढेमागे होतो, त्याला जोडलेली दांडी पुढची चाकं वळवते. गाडी उचलल्यामुळे ती दांडी तिरकी झाली होती. एखाद्या दगडावर चाक चढलं की स्टिअरिंग आपोआप हिसका देऊन हातातून फिरायचं. व्हाळातल्या गोट्यांवर असं झालं असतं तर गाडी दुसरीकडेच तोंड करून उभी राहिली असती.

यावर इलाज एकच, ड्रॉप आर्म तीन बोटं खाली उतरलेला हवा, म्हणजे दांडी सरळ होईल. दादा म्हणाला, आहे तोच तापवून वाकवू. आमच्या गावात एक म्हातारा लोहार होता. गावातली प्रत्येक पारय, प्रत्येक कोयता आणि खाडीतल्या निम्म्या होड्यांचे नांगर त्याच्या भट्टीतले. आमच्या बापाचा तो दोस्त.

मी नाही म्हटलं. पलटणीत आमचा हवालदार पहिल्याच दिवशी सांगायचा, स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला आग दाखवायची नाही. मोडला तर बदलायचा, वाकला तर फेकायचा.

"बेळगावसून दुसरो हाडूया," मी म्हणालो. "मोठ्या गाडयेचो आर्म गावतलो. तो बसयता येयत."

"कधी हाडतलंस?"

"पंधरा दिवस, म्हयनो."

"आनी तुझो आर्म येयसर हिचे दिवस थांबतले काय? आषाढ सुरू झालो. उद्या व्हाळ भरलो की तूच जातलंस बेळगावाक पवान?"

"तापयलेलो आर्म घालूचो नाय, दादा. सांगतंय तां आयक."

"तुझी पलटण तुझ्याकडे ठेव. नांगर वळयता तो म्हातारो, दर्यात होडी धरून ठेवता तो नांगर. एक वीतभर लोखंड तेका जमाचा नाय?"

इथवर दोघंही बरोबर होतो. पुढे मी जे केलं ते चूक. मी हातातला पाना अंगणात भिरकावला, तो माडाच्या बुंध्यावर आपटला, आणि म्हणालो, "मगे तूच कर सगळा. माका इचारू नको." पाना उचलायलाही गेलो नाही. वयनीने तो उचलून आणला, पदराने पुसला आणि पेटीत ठेवला.

तिथून आमचा अबोला सुरू झाला. आमच्या घरात अबोला म्हणजे साधी गोष्ट नव्हती. बाप आणि काका एका भिंतीच्या दोन बाजूंना नऊ वर्षं न बोलता राहिले होते. आधी बोलेल तो हरला, असा आमचा कायदा. दादाला काही सांगायचं असलं की तो माझ्यासमोरच वयनीला म्हणायचा, "तेका सांग, जॅक खंय आसा ता." आणि मी वयनीला म्हणायचो, "तेंका सांग, मांगरात." सात महिन्यांची गरोदर बाई आमच्या मधे उभी राहून तीच वाक्यं परत बोलायची. पहिले दोन दिवस ती हसत बोलली. नंतर हसणं सोडलं.

दादा एकटाच आर्म घेऊन लोहाराकडे गेला. मी गेलो असतो तर काय झालं असतं, हे मी हजारदा मनात चालवून पाहिलं आहे. मी भट्टीपाशी उभा राहिलो असतो. म्हाताऱ्याने आर्म लाल करून वाकवला असता आणि मी म्हणालो असतो, आता राहू दे, राखेत ठेव, आपसूक निवू दे. पण मी माडाखाली बसून विडी ओढत होतो.

त्या म्हाताऱ्याचा एक नेम होता. त्याच्या भट्टीत गेलेलं लोखंड पाणी दिल्याशिवाय त्याच्या दाराबाहेर जायचं नाही. पाणी म्हणजे काय ते कोयता वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तापलेलं पातं पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं आणि धार धरतं. पाणी न दिलेलं लोखंड त्याच्या लेखी कच्चं, नागडं. तसं देणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान. आणि जिथे जीव गुंतलेला असेल त्या कामाला तो साधं पाणी देत नसे, खाडीतून भरतीचं खारं पाणी आणवायचा. खाऱ्या पाण्यात लोखंड आणखी कडक होतं. आमच्या आर्मला त्याने ते दिलं. दादाने त्याला गाडी कशासाठी चालली आहे ते सांगितलं होतं ना. आर्म देताना म्हातारा त्याला म्हणाला, "नातवाच्या पयल्या कोयत्याक दिल्लंय, तसा पाणी दिलंय हेका. बायलेक घेवन बिनघोर जा. ह्यो मोडलो तर भट्टी इझवन टाकीन." हे दादाने वयनीला सांगितलं, मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून.

कोयत्याला धार लागते, म्हणून तो कडक हवा. ड्रॉप आर्मला धार नको, त्याला दणका सोसायचा असतो. तो थोडा नरमच हवा, वाकला तरी चालेल पण तुटता कामा नये. कडक केलेला आर्म म्हणजे काच. म्हाताऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याने जन्मात मोटारीचा भाग हातात धरला नव्हता. त्याने त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं होतं ते दिलं.

आर्म बसवायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. "तेका सांग, भोक थोडा आटलाहा, बॉल बसणा नाय," दादा वयनीला म्हणाला आणि व्हाळाचं पाणी बघायला गेला. मी आर्म हातात घेतला. वाक सुरेख होता. मी तो शिकंज्यात धरला आणि दांडीचा बॉल ज्यात बसतो त्या भोकाची कड साफ करायला कानस लावली.

कानस घसरली. लोखंडात चावलीच नाही. काचेवरून खिळा ओढावा तसा एक कर्कश आवाज आला. मी पुन्हा लावली, पुन्हा तोच आवाज. माझ्या फुटक्या कानातसुद्धा तो शिरला. जी कानस साध्या लोखंडाला लोण्यासारखी कापते ती घसरली म्हणजे काय, हे वर्कशॉपातलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी दिल्याचं ऐकलं होतं, पण आर्मची पार काच झाली आहे हे मला त्याच क्षणी कळलं. यात मला काही शंका होती असं मी आज म्हणणार नाही.

वयनी पडवीत खांबाला टेकून बसली होती. आठवा लागला होता, पाय सुजले होते. ती म्हणाली, "असो कसो आवाज येता ओ भावजी? दातांत शिवशिवता."

"काय नाय वयनी," मी म्हणालो. "लोखंडाचो आवाज."

उपाय किती सोपा होता ते सांगतो. आर्म पुन्हा तापवायचा, निळा पडू लागला की काढायचा आणि राखेत पुरून रात्रभर निवू द्यायचा. त्याला भट्टीचीही गरज नव्हती. आमच्या न्हाणीच्या चुलीत झालं असतं, जिच्यावर रोज आंघोळीचं पाणी तापायचं. फक्त त्यासाठी मला दादाला सांगावं लागलं असतं, की थांब, यात खोट आहे. म्हणजे मी आधी बोललो असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही जळला नव्हता. मी मनाशी म्हटलं, अंगठ्यापेक्षा जाड आहे, इतक्यात काय होतंय. मग म्हटलं, तो येऊन विचारील तेव्हा सांगीन. विचारू दे ना एकदा. भोक मी दगडाने घासून मोठं केलं. त्याला अर्धा दिवस लागला. त्या अर्ध्या दिवसात आर्म चुलीत घालून काढता आला असता. दादा आला, आर्म बसलेला पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि वयनीला म्हणाला, "तेका सांग, बरा काम केल्यान." ती त्याची माघार होती. तेवढ्यावर मी बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

त्यानंतर दोन-तीनदा दादाने गाडी व्हाळात घालून पाहिली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. स्टिअरिंग हिसका देईना. गाव बघायला जमला. म्हातारा लोहारही आला होता, डोक्यावर घोंगडी घेऊन. गाडी पलीकडे चढली तेव्हा त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या दिवशी मीही खूश होतो. मला वाटलं, आपण उगाच भ्यालो. प्रत्येक धक्क्याला त्या कडक लोखंडात केसाएवढी भेग वाढत होती, ती बाहेरून दिसत नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी वयनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. रात्रभर पाऊस पडला होता, व्हाळ दुथडी वाहत होता. गावात कुणीही म्हणालं असतं की आज व्हाळ ओलांडता येणार नाही. दादाने गाडी काढली. आई आणि मी वयनीला धरून मागे बसलो. पंख्याने पाणी उडून इंजिन बंद पडू नये म्हणून दादाने त्याचा पट्टा उतरवला, देवाला हात जोडले आणि गाडी पाण्यात घातली. पाणी पायाशी आलं, बॉनेटला लागलं, गाडी एकदा डुचमळली, आणि मग चाकांनी तळ धरला. आम्ही पलीकडे चढलो. वयनीने मागे वळून त्या काठाकडे पाहिलं, जिथे ती मागच्या खेपेला पडून राहिली होती. तिने आईचा हात धरला होता तो सोडला आणि माझा धरला. "इलो ओ भावजी," ती म्हणाली, "व्हाळ इलो नि गेलो." दादाने पुढूनच मोठ्याने विचारलं, "बरा आसा मा रे मागे?" मला विचारलं, सरळ मला. मी म्हणालो, "बरा आसा, दादा. हाक." असा आमचा अबोला सुटला.

चिखलही पार झाला. घाटी अर्धी चढलो. तिथे एक वळण आहे, एका बाजूला जांभ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला खाली काजूंचा उतार. चाक एका धोंड्यावर चढून खाली आपटलं आणि पुढून टण् असा आवाज आला, देवळातल्या घंटेवर खडा मारावा तसा. दादाच्या हातात स्टिअरिंग भिरभिरलं. गाडी उताराकडे वळली. दादाने ब्रेकवर उभं राहून गियर टाकला, पण ओल्या जांभ्यावर चाकं घसरली. गाडी उतारावरून पंधरा-वीस हात गेली आणि एका काजूवर आदळून थांबली.

दादाचा गुडघा फुटला होता. आईला खरचटलं. वयनीला बाहेरून काही लागलं नव्हतं. पण गाडी आदळली तेव्हा ती पुढच्या सीटवर पोटावर आपटली होती. मी घाटी उतरून, चिखलातून धावत व्हाळावर गेलो आणि पलीकडे ओरडलो. पोरं पोहत आली. मग पाण्यावर तरंगवत आणलेली खाट आली. दादाने नको म्हटलेली ती खाट. सड्यावर पोचायच्या आधी, पावसात, मुलगा झाला. तो रडला नाही. आईने त्याला उलटा धरला, पाठीवर मारलं, तोंडात फुंकर घातली. मी इरलं धरून उभा होतो. वयनीने विचारलं नाही. तिने फक्त तोंड फिरवलं.

वयनी दवाखान्यात महिनाभर होती, वाचली. पुन्हा तिला मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

तुटलेला आर्म मी काढून आणला. तुटीवर पांढरा, चकाकणारा दाणा होता, फुटलेल्या साखरेसारखा. म्हातारा लोहार तो बघायला आमच्या खळ्यात आला. हातात घेऊन उजेडाकडे धरला, नखाने तुटीवर खरवडलं. त्याला समजवून सांगावं लागलं नाही. "पाणी चढ झाला माझा," तो म्हणाला, आणि दादाच्या पायांशी बसू लागला. दादाने त्याला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने खरंच भट्टीत पाणी ओतलं. लोकांनी समजावलं, पण त्याने पुन्हा भाता हलवला नाही. गावातले कोयते बाहेरगावी जाऊ लागले. दोन पावसाळ्यांनी तो गेला.

आणि दादा. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, माझ्यासमोर सांगायचा, "ह्येना आधीच सांगल्यान होता, तापयलेलो आर्म घालू नको म्हणान. ह्येका कळा होता. मीच आयकलंय नाय." लोक माझ्याकडे मानाने बघायचे. पलटणीत शिकलेला पोरगा, त्याने बजावलं होतं, भावाने ऐकलं नाही. गावात कुणाला काही दुरुस्त करायचं झालं की आधी मला विचारू लागले. मी कधीही कुणाला थांबवून म्हणालो नाही, की अहो, मला त्याहून जास्त कळलं होतं. दादाने पुन्हा गाडीचं चाक धरलं नाही. लंगडत कलमांत फिरायचा. जीप मांगरात गंजत पडली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. साडेसातचे टायर एका तांडेलाने होडीच्या कडेला बांधायला नेले.

मी मालवणला गेलो. होड्यांना इंजिनं बसायला लागली होती, त्यांचं काम मिळालं. चवथीला तेवढा घरी यायचो. अशाच एका चवथीला, म्हणजे त्या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली असतील, वयनी मोदकांची तयारी करत होती. तिच्या आदोळीला धार राहिली नव्हती. आदोळी म्हणजे तुमची विळी. लग्नात मिळालेली, त्याच म्हाताऱ्याच्या हातची. "जरा बगा हो भावजी," म्हणून तिने ती मला आणून दिली. धोंड्यावर घासायची ती. पण मी घाईत ट्रंकेतून कानस काढली आणि पात्याला लावली.

कानस घसरली. म्हाताऱ्याचं पाणी अजून तसंच होतं. तोच कर्कश आवाज पडवीभर गेला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. वयनी दारात आली. तिच्या हातांना तांदळाचं पीठ होतं. ती माझ्याकडे, मग कानशीकडे बघत राहिली. दादा मागच्या परड्यात गणपतीची पत्री काढत होता, त्याचं खोकणं ऐकू येत होतं.

"ह्यो आवाज माका ठावक आसा," ती हळू म्हणाली. "त्या दिसाक मिया इचारलंय तुमका."

मी कानस फडक्यात गुंडाळू लागलो.

"कडक लोखंडाचोच येता मा असो?" तिने विचारलं. "तेव्हाच कळला होता तुमका?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी मान खाली घातली.

तिने पुढे होऊन माझ्या हातातली आदोळी काढून घेतली. "रवांदे," ती म्हणाली. "बोथटच बरी." आणि त्या बोथट आदोळीवर तिने त्या दिवशी सगळी भाजी चिरली.

मला वाटलं, ती दादाला सांगेल. जेवताना मी वाट बघत होतो, कदाचित मला ते हवंही होतं. तिने सांगितलं नाही. माझी दया आली म्हणून नव्हे, हे मला कळतं. दादाला आपल्या भावाचा तेवढा एक अभिमान उरला होता, तो तिने मोडला नाही. मीही सांगितलं नाही. दादा शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनासुद्धा सांगत होता की माझा भाऊ हुशार, मीच ऐकलं नाही.

मी त्यानंतरही दर चवथीला गेलो. वयनीने माझ्या पानात कधी काही कमी वाढलं नाही, माझं अंथरूण घातलं, निघताना बरोबर पोहे बांधून दिले. फक्त त्या दिवसापासून तिने मला पुन्हा कधी भावजी म्हणून हाक मारली नाही. स्वयंपाक झाला की दारात येऊन, माझ्याकडे न बघता म्हणायची, "वाढलाहा."